जमिनीचे कर्ज व कर्जाची मुदत : अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे शेतकीविषयक कायदे

शेतीस भांडवल लागते, हे कोणा शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. परंतु ते भांडवल किती मुदतीचे असावे, याचा विचार आपल्यात फारच थोडा होतो. कर्ज काढावयास गेलेला मनुष्य प्रथम रक्कम किती मिळेल हे विचारतो, नंतर व्याजाचा दर विचारतो. आणि मुदत काय आहे, हे त्यास बहुधा सही करण्याच्या वेळी कळते. प्रस्तुत लेखकाने महसूल खात्यात कारकुनी करीत असता सात-बाराच्या 'इतर हक्क' या सदरी कर्जाचे बोजे चढविले आणि उतरविलेही. परंतु चढविले पुष्कळ आणि उतरविले त्या मानाने थोडे. त्या कामात एक गोष्ट वारंवार नजरेस आली. जमीन गमावणारा खातेदार दर वेळी आळशी किंवा उधळ्या असतोच असे नाही. पुष्कळदा तो चांगला कष्टाळू असून, वीस वर्षे फळ देणाऱ्या विहिरीसाठी त्याने एका वर्षाच्या मुदतीचे कर्ज काढलेले असते. विहीर आपल्या चालीने फेड करू पाहते आणि धनको आपल्या चालीने तगादा लावतो. या दोन चालींच्या ओढाताणीत जमीन जाते.

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील संयुक्त संस्थानांपुढे उभा राहिला होता. तेथे वुड्रो विल्सन हे १९१३ पासून १९२१ पर्यंत अध्यक्ष होते. त्यांच्या पहिल्या चार वर्षांत पेढ्या, जकात, मक्तेदारी, मजुरी व शेती या सर्वच बाबतींत मोठे कायदे झाले, आणि त्या काळास प्रागतिक सुधारणांचे युग असे म्हणण्यात येते. त्यांपैकी शेतकऱ्याच्या कर्जासंबंधी जे झाले तेवढेच येथे सांगावयाचे आहे. कारण आपणांस त्यातून घेण्याजोगे काही आहे, आणि टाळण्याजोगेही आहे.

पूर्वस्थिती

अमेरिकेत १८६२ च्या वसाहत कायद्याने, जो कोणी पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसून दाखवील त्यास १६० एकर सरकारी जमीन देण्याची सोय झाली होती. ऐकणारास वाटेल की, एवढी जमीन फुकट मिळाल्यावर कर्जाचे कारण काय उरले? परंतु जमीन मिळाली म्हणजे शेती झाली असे नव्हे. घर, कुंपण, घोडे, नांगर, बियाणे आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचा निर्वाह, हे सर्व पैशानेच होते. आणि तो पैसा दूरच्या पूर्वेकडील शहरांत होता.

त्यात १८६४ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय सनद मिळालेल्या पेढ्यांस जमिनीच्या गहाणावर कर्ज देण्याची मनाई होती. सबब शेतकऱ्यास गहाणाचा धंदा करणाऱ्या कंपन्या, विमा कंपन्या, खासगी धनको अथवा गावचा दुकानदार यांच्या दारी जाणे प्राप्त होते. गहाणाची मुदत सामान्यतः तीन ते पाच वर्षे असे. मुदत भरताच सगळे मुद्दल एकरकमी द्यावयाचे. आणि तीन-चार वर्षांच्या उत्पन्नातून जमिनीची अर्धी किंमत शिल्लक पडणे शक्य नसल्यामुळे गहाणखत नवे करावे लागे. नव्या खताची दलाली निराळी. ज्या वर्षी मुदत भरे त्याच वर्षी पीक बुडालेले किंवा बाजारात पैशाची टंचाई असली, तर नवे खत होत नसे आणि जमीन लिलावास निघे. जुन्या वसलेल्या भागात व्याज शेकडा पाच-सहा असले, तरी पश्चिमेकडील व दक्षिणेकडील नव्या भागात ते आठ-दहापर्यंत जाई आणि दलाली धरता त्याहूनही वर चढे.

दक्षिणेकडील कापसाच्या मुलखात तर याहून वाईट चाल होती. तेथे दुकानदार पेरणीपासून वेचणीपर्यंत उधारीवर माल देई आणि उभ्या पिकावर आपला हक्क लिहून घेई. उधारीचा भाव रोखीहून चढा असे. शिवाय कापूसच लावला पाहिजे अशी त्याची अट असे, कारण कापूस विकला जाणार हे त्यास ठाऊक होते. शेतकऱ्याने धान्य पेरावे म्हटले तर उधारी बंद. आपल्याकडे १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, ती हकीकत ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे चित्र परके वाटणार नाही.

या स्थितीविरुद्ध ओरड पुष्कळ वर्षांची होती. १८८९ साली तेथील शेतकरी संघाने अशी योजना मांडली की, सरकारने गोदामे बांधावी, शेतकऱ्याने त्यात माल ठेवावा आणि मालाच्या किमतीच्या शेकडा ८० पर्यंत कर्ज त्यास अल्प व्याजाने मिळावे. त्या वेळी ही योजना वेडेपणाची ठरविण्यात आली. पुढे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली ग्रामजीवनाच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले; कृषिशास्त्रज्ञ लिबर्टी हाइड बेली हे त्याचे प्रमुख होते. त्या मंडळानेही सहकारी पतीची आवश्यकता दाखवून दिली.

जर्मनीचा धडा

१९१३ साली अमेरिकेतून मंडळे युरोपात पाठविण्यात आली. त्यांनी विशेषेकरून जर्मनीतील दोन पद्धती पाहिल्या. पहिली जमीनदारांच्या संघांची. ही पद्धत अठराव्या शतकात फ्रेडरिक राजाच्या अमदानीत सिलेशिया प्रांतात निघाली. तीत अनेक जमीनवाले एकत्र येऊन आपल्या जमिनी सामाईक जबाबदारीने तारण ठेवीत, संघ त्या तारणावर रोखे काढी, आणि ते रोखे विकून आलेला पैसा दीर्घ मुदतीने सभासदांस मिळे. एकट्या शेतकऱ्याच्या गहाणखतावर दूरच्या शहरातील मनुष्य पैसा गुंतवीत नाही, कारण तो शेतकरी कोण व त्याची जमीन कशी हे त्यास ठाऊक नसते. परंतु शेकडो जमिनींच्या सामाईक तारणाचा रोखा तो निःशंकपणे घेतो. दुसरी पद्धत रायफायसेन याच्या गावपतपेढ्यांची. तीत लहान शेतकरी परस्परांस जामीन राहून अल्प मुदतीचे कर्ज घेत.

या दुसऱ्या पद्धतीशी आपला संबंध जुना आहे. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील अशा पेढ्यांची पाहणी करून अहवाल लिहिला होता, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा जो पहिला कायदा झाला त्याच्या मुळाशी रायफायसेन याचीच कल्पना होती. तात्पर्य, आपल्या गावची विविध कार्यकारी सोसायटी आणि अमेरिकेतील शेतकऱ्यांचे कर्जसंघ यांचे मूळ पुष्कळ अंशी एकच आहे.

पहिल्या दोन वर्षांतील कायदे

विल्सन अधिकारारूढ होताच जकातीचा कायदा बदलला आणि परदेशी शेतकी औजारांवरील जकात उठली. २३ डिसेंबर १९१३ रोजी मध्यवर्ती पेढ्यांचा कायदा झाला. त्याने देशभर बारा मध्यवर्ती पेढ्या स्थापन होऊन, लहान पेढ्यांस आपल्या ग्राहकांच्या हुंड्या त्यांजकडे वटवून पैसा घेता येऊ लागला. त्यात एक कलम ध्यानात घेण्याजोगे आहे. व्यापारी हुंडीस ९० दिवसांची मर्यादा होती. परंतु शेतीच्या व गुराढोरांच्या कामी काढलेल्या हुंडीस सहा महिन्यांची मर्यादा देण्यात आली. दुकानातील माल तीन महिन्यांत फिरतो, पीक तसे फिरत नाही, ही साधी गोष्ट कायद्याने मान्य केली. त्याच कायद्याने मोठी शहरे वगळून इतर ठिकाणच्या राष्ट्रीय पेढ्यांस शेतजमिनीच्या गहाणावर, जमिनीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत व पाच वर्षांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मिळाली. आणि पन्नास वर्षांची मनाई संपली.

८ मे १९१४ रोजी शेतकी शिक्षणप्रसाराचा कायदा झाला. त्याने ४८ संस्थानांपैकी प्रत्येकास मध्यवर्ती सरकारकडून सालीना १०,००० डॉलर, आणि त्याउपर ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात रक्कम मिळावयाची होती. मात्र या वरच्या रकमेइतकीच भर संस्थानाने आपल्याकडून घातली पाहिजे. या पैशातून जिल्होजिल्ही शेतकी मार्गदर्शक नेमले गेले. ते शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याच्याच जमिनीत, त्याच्याच हातून सुधारलेली लागवड करवून दाखवीत. कर्ज आणि ज्ञान यांची ही जोडी महत्त्वाची होय. नुसते कर्ज दिले आणि उत्पन्न वाढले नाही, तर ते कर्ज म्हणजे पुढील साली येणारे संकटच.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात असे कलम घालण्यात आले की, शेतकऱ्यांनी परस्परसाहाय्यासाठी काढलेल्या, भागभांडवल नसलेल्या व नफ्यासाठी न चालविलेल्या संघांस बेकायदेशीर कट समजू नये. तत्पूर्वी चार शेतकरी एकत्र येऊन मालाचा भाव ठरवू लागले, तर मोठ्या कारखानदारांविरुद्ध केलेला कायदा त्यांच्याच अंगावर येण्याची भीती असे.

१९१६ चा शेतकी कर्जाचा कायदा

इतके झाले तरी दीर्घ मुदतीच्या कर्जाचा प्रश्न तसाच राहिला. १९१४ साली त्याविषयीचे बिल पुढे आले असता खुद्द विल्सन यांनीच त्यास विरोध केला. सरकारने आपल्या तिजोरीतून रोखे विकत घेऊन एका विशिष्ट वर्गास मदत करावी, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पुढे दोन वर्षांनी त्यांचे मत पालटले. १९१६ हे निवडणुकीचे वर्ष होते आणि पश्चिमेकडील शेतकऱ्यांची मते मिळविल्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्याचे एक कारण खासच होय. १७ जुलै १९१६ रोजी त्यांनी कायद्यावर सही केली. नोव्हेंबरात कान्सास, नेब्रास्का, उत्तर डकोटा अशा शेतीप्रधान संस्थानांनी त्यांस कौल दिला, आणि निर्वाचकांच्या २७७ विरुद्ध २५४ मतांनी ते पुनः निवडून आले. शेतकऱ्यांची संघटित मागणी राज्यकर्त्याचे तत्त्वही वाकवू शकते, हे यावरून दिसते.

या कायद्याची रचना येणेप्रमाणे होती.

सर्वांच्या वर खजिना खात्यात एक शेतकी कर्जमंडळ. त्याच्या देखरेखीखाली देशाचे बारा विभाग करून प्रत्येक विभागात एक जमीन पेढी. प्रत्येक पेढीचे भांडवल कमीत कमी साडेसात लाख डॉलर. हे भाग प्रथम लोकांस विक्रीस खुले केले. परंतु लोकांनी फारच थोडे घेतले व उरलेले बहुतेक सर्व सरकारने घेतले. हे सरकारी भांडवल कायमचे नव्हते. शेतकऱ्यांचे भाग जसजसे वाढतील तसतसे ते परत करावयाचे होते.

सर्वांच्या खाली गावोगावचे कर्जसंघ. कर्ज घेऊ इच्छिणाऱ्या दहा किंवा अधिक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन, एकूण मागणी निदान २०,००० डॉलरची झाल्यास, संघ काढावयाचा. एकट्याने पेढीकडे जावयाचे नाही, संघामार्फत जावयाचे. प्रत्येक कर्जदाराने आपल्या कर्जाच्या शेकडा ५ इतक्या रकमेचे संघाचे भाग घ्यावे, आणि संघाने तितकेच भाग जमीन पेढीचे घ्यावे. संघ बुडाला तर प्रत्येक सभासद आपल्या भागाइतक्या आणखी रकमेस जबाबदार. कर्ज फिटले की भागाची रक्कम परत. येणेकरून आज जो ऋणको आहे तोच पेढीचा मालकही होत जाई.

अर्ज आला म्हणजे संघातील तीन सभासदांची समिती जमीन पाहून लेखी अभिप्राय देई, आणि तो तिघांच्या एकमताचा असला तरच अर्ज पुढे जाई. शेजारच्या शेताचे खरे उत्पन्न काय, पाणी किती, मालक कसणारा आहे की मिरविणारा, हे शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक? आणि खोटे मोल लिहिले तर तोटा आपल्याही भागावर येणार, हे त्यास पक्के ठाऊक असे. त्यानंतर पेढीचा स्वतंत्र मूल्यमापक जमीन पाही. कर्जाची मर्यादा जमिनीच्या किमतीच्या निम्मी, आणि विमा उतरलेल्या कायम इमारती वगैरेंच्या किमतीच्या शेकडा २०. रक्कम १०० पासून १०,००० डॉलरपर्यंत. कर्जदार स्वतः ती जमीन कसणारा किंवा लवकरच कसू लागणारा असला पाहिजे. कर्जाचे हेतूही ठरलेले होते : जमीन खरेदी, औजारे, जनावरे, खते, इमारती, जमिनीची सुधारणा आणि जुन्या कर्जाची फेड. लग्नकार्यास व मानपानास त्यात जागा नव्हती.

पेढीस पैसा मिळे तो रोख्यांतून. गहाणखते तारण ठेवून तिने भांडवलाच्या वीसपटीपर्यंत रोखे काढावे. त्या रोख्यांवर कर नव्हता, म्हणून ते कमी व्याजानेही खपत. रोख्यावर जे व्याज द्यावे लागे त्याहून शेकडा एकापेक्षा अधिक व्याज शेतकऱ्याकडून घ्यावयाचे नाही, आणि कोणत्याही स्थितीत शेकडा सहाच्या वर जावयाचे नाही, अशी दुहेरी मर्यादा होती. १९१७ साली प्रत्यक्ष काम सुरू झाले तेव्हा कर्जाचा दर शेकडा पाच होता. पहिला संघ कान्सास संस्थानातील लार्नेड येथे त्याच साली निघाला.

हप्त्याचा हिशेब

परंतु या कायद्याचे खरे मर्म दरात नसून मुदतीत आहे. कर्ज ५ पासून ४० वर्षांच्या मुदतीचे असे, आणि त्याची फेड समान हप्त्यांनी होई. हा हिशेब वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावा.

समजा, १,००० डॉलरचे कर्ज शेकडा ५ दराने घेतले आणि दरसाल ६० डॉलर भरावयाचे ठरले. पहिल्या वर्षी व्याज ५० व मुद्दलात १०. दुसऱ्या वर्षी व्याज ९९० वर लागते, म्हणजे ४९.५०; सबब मुद्दलात १०.५० जातात. हप्ता तोच, परंतु त्यातील व्याजाचा भाग दरसाल घटतो व मुद्दलाचा भाग वाढतो. दहा वर्षांनी मुद्दल सुमारे ८७४ उरते, वीस वर्षांनी सुमारे ६६९. चोविसाव्या वर्षी मुद्दलाचा भाग व्याजाहून मोठा होतो, आणि तेथून पुढे कर्ज झपाट्याने उतरते. सदतिसाव्या वर्षी सुमारे ४४ डॉलरचा शेवटचा लहान हप्ता भरला की जमीन मोकळी. एकूण भरणा सुमारे २,२०४ डॉलर.

आता जुनी रीत पाहू. तेच १,००० डॉलर शेकडा ८ दराने, पाच-पाच वर्षांची खते बदलीत घेतले. दरसाल नुसते व्याजच ८० डॉलर. ३७ वर्षांत भरणा २,९६० डॉलर, दलाली निराळी, आणि ३७ वर्षांनंतरही १,००० डॉलर मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर. पहिल्या रीतीत शेतकऱ्याने दरसाल २० डॉलर कमी भरले आणि जमीन सोडविली. दुसऱ्या रीतीत अधिक भरूनही जमीन सुटली नाही.

येथे कोणी म्हणेल की, हा फरक व्याजाच्या दराचा आहे. काही अंशी ते खरे. परंतु दर तोच शेकडा ५ ठेवून मुदत मात्र पाच वर्षांची केली, तर दरसाल व्याज भरूनही पाचव्या वर्षाअखेर एकरकमी १,००० डॉलर आणावे लागतील. आणि ते कोणत्याही साधारण शेतातून निघणार नाहीत. म्हणजे स्वस्त कर्जही भलत्या मुदतीचे असले तर जमीन घेतेच. उलटपक्षी, दीर्घ मुदत म्हणजे आळसास मोकळीक असेही नव्हे. हप्ता दरसाल भरावयाचाच. तो एवढा असावा की वाईट वर्षीही जमीन तो पेलू शकेल, आणि चांगल्या वर्षी अधिक भरण्यास वाव असावा. पाच वर्षांनंतर मुद्दलापैकी जादा रक्कम भरण्याची सोय या कायद्यात होती.

गोदामाची पावती

११ ऑगस्ट १९१६ रोजी आणखी दोन कायदे झाले, ते अल्प मुदतीच्या कर्जास उपयोगी पडणारे. एकाने धान्याची प्रतवारी ठरविली, दुसऱ्याने गोदामांस परवाने देण्याची सोय केली. परवानेवाल्या गोदामधन्याने जामीनकी भरावयाची, मालाचे वजन व प्रत लिहून पावती द्यावयाची; आणि ती पावती पेढीकडे तारण ठेवून शेतकऱ्यास पैसा मिळावयाचा. मळणीच्या सुमारास सर्वांचाच माल एकदम बाजारात येतो व भाव पडतो. त्या वेळी विकणे भाग पडणारा शेतकरी खळ्यावरच अर्धा लुटला जातो. पावतीवर पैसा मिळाला तर त्यास दोन-तीन महिने थांबता येते. १८८९ साली वेड्यांची म्हणून हिणविलेली योजना, सरकारी गोदामे व सरकारी पैसा वगळता, सत्तावीस वर्षांनी अशी कायद्यात आली. आपल्याकडेही २००७ साली गोदाम पावत्यांचा स्वतंत्र कायदा झाला आहे. त्याचा उपयोग अजून आपण पुरतेपणी करीत नाही.

उणिवा व पुढील हकीकत

या सुधारणांची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

पहिली उणीव ही की, ज्याच्यापाशी गहाण ठेवण्यास जमीन नाही त्यास या कायद्याने काही दिले नाही. १९१० च्या खानेसुमारीत शेकडा ३७ शेते कुळांकडून कसली जात होती. ही सर्व कुळे व दक्षिणेतील बटाईदार बाहेर राहिले. काळ्या वर्णाच्या शेतकऱ्यांवर तर दुहेरी अन्याय झाला. शिक्षणप्रसाराचा पैसा कोणत्या विद्यालयास द्यावयाचा हे संस्थानांच्या कायदेमंडळांवर सोपविण्यात आले, आणि दक्षिणेकडील कायदेमंडळांनी तो गोऱ्यांच्या विद्यालयांकडे दिला. खुद्द विल्सन यांच्या कारकीर्दीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या नोकरांस वेगळे बसविण्याची चाल वाढली. प्रागतिक म्हणविणारी सुधारणाही आपल्या दारातील मनुष्यास विसरू शकते, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट भावाची. महायुद्धात सरकारने गव्हास हमीभाव दिला; तो १९१८ साली बुशेलास २ डॉलर २६ सेंट होता. धान्याचे भाव चढले तशा जमिनीच्या किमतीही चढल्या आणि लोकांनी चढ्या किमतीस, कर्ज काढून, जमिनी घेतल्या. शेतजमिनीवरील गहाणकर्ज १९१० साली सुमारे ३२० कोटी डॉलर होते, ते १९२० साली सुमारे ८४० कोटींवर गेले. त्यातील बहुतेक कर्ज जमीन पेढ्यांचे नव्हे, खासगी धनकोंचेच होते. १९२० नंतर भाव कोसळले. तेजीच्या भावाने आकारलेली जमीन मंदीत निम्म्या कर्जासही पुरेना. कर्जाची उत्तम रचना असली तरी ती पडत्या भावावर उपाय नव्हे, हे तेथील शेतकऱ्यास फार महाग पडून कळले.

तिसरी गोष्ट विरोधाची. गहाणाचा धंदा करणाऱ्यांनी कायद्याच्या वैधतेवर फिर्याद केली, आणि १९२० साली रोख्यांची विक्री थांबून कर्जे देणे बंद पडले. १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. १९२३ साली, पीककर्ज व जमीनकर्ज यांच्या मधल्या मुदतीसाठी निराळ्या पेढ्या काढाव्या लागल्या. महामंदीत, १९३२ साली, जमीन पेढ्यांस सावरण्याकरिता सरकारास पुनः भांडवल घालावे लागले. त्याच कायद्यान्वये नफ्यासाठी निघालेल्या ज्या खासगी जमीन पेढ्या होत्या, त्या १९३३ च्या कायद्याने गुंडाळण्यात आल्या. शेतकऱ्यांच्या संघांवर उभारलेल्या पेढ्या मात्र तगल्या; १९४७ पर्यंत त्यांनी सरकारचे भांडवल परत केले, आणि त्यांतून वाढलेली सहकारी कर्जव्यवस्था तेथे आजही चालू आहे.

आपणांस काय घेता येईल

मुंबई इलाख्यात १९३५ साली प्रांतिक सहकारी भूतारण पेढी निघाली, तीही दीर्घ मुदतीच्या कर्जासाठीच. तिच्या परंपरेतील भूविकास बँका पुढे थकबाकी साचून अवसायनात निघाल्या, हे वाचकांस ठाऊक आहे. तेव्हा नुसती पेढी काढली म्हणजे झाले, असे नव्हे. अमेरिकेतील रचनेत तीन गाठी होत्या : मुदत कामाच्या आयुष्यास जुळणारी, मोल शेजाऱ्यांनी जबाबदारीने केलेले, आणि ऋणकोचा स्वतःचा पैसा पेढीत अडकलेला. यांपैकी एक गाठ सुटली तरी दोर सैल पडतो.

कायदा करणे आपल्या हाती नसले, तरी कर्ज काढणे आपल्या हाती आहे. बियाणे, खत, मजुरी यांसाठी पीककर्ज घ्यावे आणि ते त्या पिकातूनच फेडावे. बैलजोडी, दुभते जनावर किंवा यंत्र यांसाठी त्यांच्या उपयोगाच्या वर्षांइतकी मुदत मागावी. विहीर, पाइपलाइन, बांधबंदिस्ती व फळबाग ही कामे पीककर्जाच्या पैशावर कधीही काढू नयेत. काढली तर पहिल्याच वर्षी ते कर्ज थकते आणि पुढील हंगामाची पतही जाते. जमिनीचे मोल तेजीच्या बाजारभावाने न धरता साधारण वर्षाच्या उत्पन्नाने धरावे. आणि सही करण्यापूर्वी दरसालचा हप्ता व गेल्या पाच वर्षांतील सर्वांत वाईट वर्षाची शिल्लक, हे दोन आकडे एकाखाली एक मांडावे. शिल्लक हप्त्यास पुरत असेल तर कर्ज खुशाल काढावे. पुरत नसेल तर व्याज कितीही कमी असो, त्या कागदावर अंगठा किंवा सही करू नये.